शून्य कुठून धरलंस?

चौक म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, इर्शाळगडाचा ट्रेक. दुसरी, १९ जुलै २०२३ ची रात्र, जेव्हा इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला आणि सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या आमच्या गावातून पुढे गेल्या. या लेखात त्या दोन्हींबद्दल काही नाही. हा लेख एका स्प्रिंगबद्दल आहे. तिला टांगलेलं वजन किती वरखाली होतं, एवढाच त्याचा विषय. आणि हो, मी चिडून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो.

दर रविवारी सकाळी माझ्या पडवीत सात-आठ मुलं येतात. अकरावी-बारावी सायन्सची. कुणी पनवेलला जातं, कुणी खोपोलीला, कुणी कर्जतला. मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि गणित-फिजिक्सचं जे अडेल ते सोडवून देतो. फी नाही, बोर्ड नाही, चहा मात्र आई करते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी फोन घेऊन आली. 'दादा, हे बघ, वीस सेकंदांत आयाम.' रील होतं. एक तरतरीत माणूस काचेच्या फळ्यावर उलट्या हाताने लिहीत होता. गणित असं: स्प्रिंगला वजन टांगलंय, ते मध्यापासून ३ सेंटिमीटरवर असताना त्याचा वेग सेकंदाला ३२ सेंटिमीटर आहे, ओमेगा ८ आहे, आयाम काढा. त्याने ३२ ला ८ ने भागलं, ४ आले. तीन-चार-पाच! उत्तर ५. मागे टाळ्यांचा आवाज, खाली 'लिंक बायोमध्ये'.

उत्तर बरोबर आहे. मी तिला म्हटलं, 'छान. आता पडवीच्या वाशाला स्प्रिंग टांगलीय असं समज. हे ५ सेंटिमीटर मला बोटाने दाखव. कुठून कुठे?'

तिने बोट वर नेलं, वाशाकडे. मग थोडं खाली आणलं. मग स्प्रिंगचं खालचं टोक जिथे असेल तिथे ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. बाकीची मुलंही बघायला लागली. दोघांनी सांगितलं, स्प्रिंग किती ताणली तो आयाम. एकाने सांगितलं, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर. एकाने पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हटली, शब्दही न चुकता, आणि बोट दाखवायची वेळ आली तेव्हा हात खिशात घातला.

ही मुलं ढ नाहीत. चारजणांना दहावीला नव्वदच्या वर आहेत. त्यांना आयाम 'काढता' येतो, तो कुठे आहे हे मात्र ठाऊक नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे त्यांच्या हातून चुकून झालेलं नाही. असंच व्हावं अशी व्यवस्था आपण लावून ठेवली आहे. आणि मी स्वतः तिचं उत्तम फळ आहे.

माझी बारावी सांगतो. फिजिक्सला ७० मार्कांची लेखी आणि ३० ची प्रॅक्टिकल. आमच्या कॉलेजात (नाव लिहीत नाही, नाव लिहून उपयोगही नाही, शेजारच्या कॉलेजातही हेच होतं) प्रयोगशाळेच्या कपाटात स्प्रिंगा होत्या. मी त्या काचेतून पाहिल्या आहेत. प्रयोग क्रमांक, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, आलेख, सावधगिरी, सगळं माझ्या जर्नलमध्ये होतं. वीस दोलनांना लागलेला वेळ, तीन वेळा घेतलेला, सरासरीसह. ते आकडे एका सीनियरच्या जर्नलमधले होते, त्याने ते त्याच्या सीनियरकडून घेतलेले. त्या स्प्रिंगला शेवटचं कुणी हलवलं होतं हा इतिहास संशोधकांचा विषय आहे. आम्ही फक्त शेवटचा आकडा थोडा बदलायचो, म्हणजे कॉपी वाटू नये. सावधगिरीच्या सदरात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की आयाम लहान ठेवावा. परीक्षकांनी विचारलं, 'आयाम लहान का ठेवायचा?' मी म्हटलं, 'सर, सावधगिरी म्हणून.' ते हसले. मला ३० पैकी २८ मिळाले.

मी तेव्हा खूश होतो. या लेखातला राग त्या खुशीवरही आहे.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्या २८ मार्कांचं बिल आलं. खोपोलीकडच्या एका कारखान्यात मी ट्रेनी होतो. पंपांच्या बेअरिंगवर व्हायब्रेशन मीटर लावायचा, आकडा वाचायचा, तक्त्यात भरायचा, एवढं काम. रकान्यावर लिहिलेलं: आयाम, मायक्रॉनमध्ये. मीटरवर ८० दिसले, मी ८० लिहिले. आदल्या पाळीत ४० होते. म्हणजे एका रात्रीत कंपन दुप्पट! पाळीच्या साहेबांनी पंप बंद केला. दोन फिटरना घरून बोलावलं. दिवस गौरीजेवणाचा. त्यातले एक काका आमच्याच बाजूचे, पानावरून उठून आले. कपलिंग खोललं, बेअरिंग बघितलं, अलाइनमेंट तपासलं. पंप ठणठणीत होता.

मेंटेनन्सचे मुख्य साहेब आले. ओरडले नाहीत. तक्ता हातात घेतला आणि विचारलं, 'शून्य कुठून धरलंस?'

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी तक्त्याच्या मागे पेन्सिलने एक आडवी रेघ ओढली, तिच्यावरून वर-खाली जाणारी लाट काढली. मीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजतो, म्हणाले. कंपनाचं अंतर बहुतेक मीटर तसंच दाखवतात. आयाम म्हणजे मधल्या रेघेपासून एका टोकापर्यंत. आधीच्या पाळीतल्या माणसाने निम्मं करून लिहिलं होतं, मी पूर्ण लिहिलं. पंपाचं काही वाढलं नव्हतं. फक्त माझं शून्य खालच्या टोकाला होतं आणि त्याचं मध्ये.

काका हात धुताना एवढंच म्हणाले, 'अरे, पुरणपोळी गार झाली असेल.' मला आजही गौरी आल्या की ते वाक्य ऐकू येतं.

तर त्या रविवारी मुलांची बोटं हवेत भरकटत असताना मला तो तक्ता दिसत होता. मी ठरवलं, रील बंद, स्प्रिंग आणायची.

प्रयोगशाळेची स्प्रिंग आणायला कुठे जाणार? मी कर्जतच्या बाजारातून पाळण्याची स्प्रिंग आणली. बाळाची झोळी टांगतात ती, जाड तारेची, वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली. एकशे ऐंशी रुपये. आमच्या पडवीच्या तुळईला मी लहान असतानाच्या पाळण्याची कडी अजून आहे, तिलाच अडकवली. वाण्याकडून एकेक किलोच्या तांदळाच्या सात पिशव्या काट्यावर नीट तोलून घेतल्या. एक कापडी पिशवी, भिंतीला उभी टेकवलेली शिंप्याची पट्टी, आणि मुलांचे फोन. झाली प्रयोगशाळा.

आणि पहिल्याच पाच मिनिटांत पुस्तक आणि स्प्रिंग यांचं भांडण सुरू झालं.

एक किलो टांगलं. स्प्रिंग हलली नाही. दोन किलो. जेमतेम हललीसं वाटलं. मुलं म्हणाली, खराब आहे. तीन किलोला ३ सेंटिमीटर ताणली. पाचला ९. सातला १५. म्हणजे दोन किलोच्या पुढे दर किलोला ३ सेंटिमीटर, अगदी सरळ हिशोब, पण दोन किलोपर्यंत ही बाई तोंडच उघडत नाही. हूकचा नियम म्हणून आपण जो पाठ करतो त्यात असं काही नसतं. (हूकने हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उकलून सांगितला. तेव्हा शिवाजी महाराज रायगडावर होते. आमच्या जिल्ह्याची आणि या नियमाची ओळख तितकी जुनी असायला हरकत नव्हती.) घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग बनवतानाच तारेत ताण कोंडला जातो, आणि तो ओलांडेल एवढं वजन आल्याशिवाय ती उघडत नाही. पाळण्यासाठी हे सोयीचंच आहे. पुस्तकातल्या स्प्रिंगसाठी हे पाप आहे.

आता आयाम. मी पाच किलोची पिशवी हातावर उचलून धरली, स्प्रिंग नुकती मिटेल इतकी वर. विचारलं, 'हात काढला तर किती खाली जाईल?' रीलवाल्या मुलीने वहीत पटकन काढलं. तिला सूत्र येत होतं: अचानक सोडलं तर आयाम एम जी बाय के. पाच किलो, दर किलोला ३, म्हणजे १५. एकूण खाली जाणार त्याच्या दुप्पट, ३०. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी एकाला फोनवर स्लो मोशन लावायला सांगितलं आणि हात काढला.

पिशवी १८ सेंटिमीटर खाली गेली आणि परतली.

तीनदा केलं. दर वेळी १८ च्या आसपास. मुलगी चिडली. माझ्यावर, स्प्रिंगवर, पट्टीवर. वही पुन्हा तपासली, गणित चुकलेलं नव्हतं. मग मी म्हटलं, 'सूत्र राहू दे बाजूला. पिशवी शांत होऊ दे. कुठे थांबते ते बघ.' ती ९ वर थांबली. 'इथे खडूने खूण कर. हे शून्य. आता सांग, मी पिशवी या खुणेपासून किती वर धरली होती?'

'नऊ.'

'मग आयाम?'

तिने उत्तर दिलं नाही. उठून स्वतः पिशवी हातात घेतली, खुणेच्या ४ सेंटिमीटर खाली ओढली आणि सोडली. वर ४ पर्यंत गेली. ६ खाली ओढली, वर ६. पुढची दहा मिनिटं ती कुणाशी बोलली नाही. मीही बोललो नाही. आई चहा घेऊन आली आणि परत गेली.

या दहा मिनिटांसाठी अभ्यासक्रमात जागा नाही, आणि माझा सगळा राग तिथे आहे. आयाम हा स्प्रिंगच्या अंगचा गुण नाही. स्प्रिंग आणि वजन मिळून फक्त वेळ ठरवतात, एका झोक्याला किती लागेल तो. झोका केवढा, हे हात ठरवतो: शून्यापासून किती लांब नेऊन सोडलं आणि सोडताना ढकललं की नाही. आयाम काढायचा म्हणजे ती हालचाल कशी सुरू झाली याचा माग काढायचा. आपल्या गणितांत हा हात कधीच नसतो. 'एक वस्तुमान दोलन करत आहे', बस. कुणी सोडलं, कुठून सोडलं, विचारायचं नाही. शून्य छापून येतं, ओमेगा छापून येतो, मुलाने फक्त वर्गमूळ काढायचं. ज्या दोन गोष्टी खरोखर शोधाव्या लागतात त्या पेपर काढणाऱ्याने आधीच शोधून ठेवलेल्या असतात.

मग आम्ही वेळ मोजला. आधी पैज लावली: ६ सेंटिमीटर ओढलं तर २ पेक्षा जास्त वेळ लागेल की नाही? आठपैकी सहा जण म्हणाले, लागणारच, लांबचा प्रवास आहे. या सहाही जणांनी परीक्षेत 'दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो' हे विधान बरोबर असल्याची खूण केलेली आहे. २ सेंटिमीटर ओढून वीस झोके: १५.८ सेकंद. ६ ओढून: १५.९. पुन्हा २: १५.९. एकजण म्हणाला, 'आयला, खरंच की!' त्याला हे दीड वर्षापासून 'येत' होतं.

सूत्राने मात्र १५.५ यायला हवे होते. हे ०.३ सेकंद कुठून आले? माझ्या जुन्या जर्नलमध्ये असे ०.३ सेकंद कधीच नव्हते. सगळं बरोब्बर जुळायचं, कारण उत्तरावरून निरीक्षणं लिहिलेली असायची. इथे त्या ०.३ च्या मागे लागल्यावर कळलं की स्प्रिंग स्वतःही हलते. वाण्याच्या काट्यावर तिचं वजन सहाशे ग्रॅम भरलं. वरचं टोक स्थिर, खालचं टोक पूर्ण वेगात, म्हणून हिशोबात तिचं एक तृतीयांश धरायचं, दोनशे ग्रॅम. ५ च्या जागी ५.२ घातल्यावर १५.८ आले. हीच ती 'स्प्रिंगचं परिणामी वस्तुमान' नावाची गोष्ट, जी माझ्या जर्नलमध्ये होती आणि जिचा अर्थ मला तिसाव्या वर्षी, पडवीत, तांदळाच्या पिशवीसमोर कळला.

आता कुणी म्हणेल, अरे बाबा, सीईटीत हे चालत नाही. मान्य. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं असतात, प्रश्नाला चोपन्न सेकंद. चोपन्न सेकंदांत आमची पिशवी शांतसुद्धा होत नाही. रील बनवणाऱ्या त्या माणसाचा मला राग नाही. परीक्षेने जे विकत घ्यायचं ठरवलंय तेच तो विकतोय. पण मग प्रॅक्टिकलचे ३० मार्क कशाला? तिथे तर घड्याळ नाही, वर्षभर आहे. तिथे आपण चोपन्न सेकंदही देत नाही. लेखी परीक्षेत कॉपी झाली तर पथकं येतात, बातम्या येतात. जर्नलमधले आकडे पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जातात त्याला कुणी कॉपी म्हणतच नाही. त्याला 'कंप्लीशन' म्हणतात.

आणि एक युक्तिवाद मला सगळ्यात जास्त लागतो. गावाकडच्या मुलांना आधी मार्क मिळू देत, प्रयोगबियोग हे पोट भरलेल्यांचे चोचले. हे म्हणणारे बहुतेक आमचेच असतात, आमच्या काळजीने बोलतात. त्यांना मी एकच सांगतो: तो पंप माझ्यासमोर होता. शहरातल्या, बड्या कॉलेजातल्या मुलासमोर तो पंप येणारच नाही, तो प्रेझेंटेशनं करेल. बेअरिंगवर मीटर धरणारा हात चौकचा, खालापूरचा, कर्जतचा असतो. शून्य कुठे आहे हे कळायची गरज सगळ्यात जास्त त्यालाच आहे, आणि त्यालाच सांगितलं जातं की तुला तेवढा वेळ नाही. एकशे ऐंशी रुपयांची स्प्रिंग महाग पडली असं मला तरी एकाही पालकाने सांगितलेलं नाही.

मोजमापाची चाड असणं म्हणजे काय, याचं उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. याच जिल्ह्यात आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. त्यातली एक पद्धत आपल्या स्प्रिंगची चुलत बहीणच: टांगलेला चुंबक हलवायचा आणि त्याच्या दोलनांचा वेळ मोजायचा. शतक उलटताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस. त्यांच्यासमोर सोपा मार्ग होता, आकडे थोडे 'ॲडजस्ट' करत राहायचं. त्याऐवजी मोजणीच खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. १९०४ ला अलिबागचं काम सुरू झालं, १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुनं शून्य आणि नवं शून्य यांचा सांधा नीट बसावा. इमारत अशी बांधली की तिच्यात लोखंड नको, म्हणून खास दगड, तांब्या-पितळेचं सामान. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ मध्ये. म्हणजे आकडा खराब व्हायच्या आधीच सगळं बिऱ्हाड हललं होतं. त्या नोंदी आजही जगात वापरल्या जातात.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. एका सुईचं शून्य सरकू नये म्हणून माणसांनी शहर सोडलं, आणि त्याच जिल्ह्यात आज कपाटाचं कुलूप उघडायला माणूस मिळत नाही.

बरं, आपल्याला हे कळत नाही असंही नाही. पुण्यात अरविंद गुप्तांनी आयुष्यभर काडेपेटीच्या काड्या, सायकलची ट्यूब, कचरा यांतून विज्ञान शिकवलं. आपण टाळ्या वाजवल्या, २०१८ मध्ये पद्मश्री दिली, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचे व्हिडिओ लावले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हटलं, चला, गाईड काढा. विज्ञानाचं कौतुक करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. 'आयाम' या शब्दाचंच बघा. साहित्यिक मंडळी कवितेला नवा आयाम देतात, मंत्री विकासाला देतात. आयाम कशापासून मोजायचा असतो हे एकालाही विचारू नका.

फोनबद्दल बोलायचं राहिलं, आणि तुम्ही हे फोनवरच वाचताय. तो वाईट आहे असं म्हणणारा मी नव्हे. आमच्या पडवीत सगळ्यात चांगलं यंत्र तोच होता. तुमचा फोन आडवा केला की पडदा फिरतो ना, तो कशामुळे? आत एक चिप असते, तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा, तितक्याच सूक्ष्म सिलिकॉनच्या स्प्रिंगांना टांगलेला. फोन हलला की तो तुकडा मागे राहतो, किती मागे राहिला ते विजेने मोजलं जातं. म्हणजे ज्या गणिताने बारावीला तुमचं डोकं खाल्लं ते गणित तुमच्या खिशात दिवसभर हलत असतं.

आम्ही ते वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे. फोन तांदळाच्या पिशवीत वर ठेवला, ४ सेंटिमीटर ओढून सोडला. पडद्यावर लाट आली. त्वरणाचं टोक अडीच, मीटर प्रति सेकंद वर्ग. एका झोक्याला ०.७९ सेकंद, त्यावरून ओमेगाचा वर्ग साधारण ६३. अडीच भागिले ६३. रीलवाल्या मुलीनेच भागलं: जवळजवळ ४ सेंटिमीटर. पट्टी न बघता, डोळे मिटून. मग तिने लाटेकडे बघत विचारलं, 'पण दादा, ही लाट बारीक होत चाललीय. मग आयाम नेमका कोणता म्हणायचा?'

हा प्रश्न तिच्या पुस्तकातल्या एकाही गणितात नव्हता. हवा, कडीतलं घर्षण, तारेची आतली झीज, आयाम दर झोक्याला थोडा कमी होतो, आणि 'आयाम काढा' म्हणणाऱ्याने कधीचा ते सांगायला पाहिजे. मी तिला तेवढंच सांगू शकलो. पुढचं तिने इंजिनीअरिंगला शोधावं.

मग आम्ही पुन्हा त्या रीलच्या गणिताकडे आलो. मध्यापासून ३, वेग ३२. तिने विचारलं, 'वेग वर की खाली, ते दिलेलंच नाही.' मी म्हटलं, तूच सांग, लागतं का? तिने पिशवी ३ खाली ओढून खाली ढकलली, मग तशीच ३ खाली धरून वर ढकलली. दोन्ही वेळा झोका तेवढाच, नजरेला दिसेल इतपत. वेगाचा वर्ग होतो, दिशा पुसली जाते, हे तिने बोटावरची तांदळाची पावडर झटकत सांगितलं. हात इतका काटेकोर ढकलत नाही, पाच ऐवजी कधी साडेचार येत होते, कधी साडेपाच. ती दर वेळी खडूच्या खुणेपासून मोजत होती.

डिसेंबरात तिच्या कॉलेजात स्प्रिंगचा प्रयोग झाला. म्हणजे एका टेबलावर मांडला होता, चार बॅचेसनी बघितला. जर्नलमध्ये तिने आमच्या पडवीतली निरीक्षणं लिहिली: तीन किलोला वीस झोके १२.४ सेकंद, पाचला १५.८, सातला १८.६. दोलनकालाच्या वर्गाचा आणि वजनाचा आलेख काढला. रेषा सरळ आली, पण शून्यातून गेली नाही, थोडी वरून गेली. स्प्रिंगचं स्वतःचं वजन तिथे दिसत होतं. तपासताना तिला सांगण्यात आलं की रेषा शून्यातून ने, सगळ्यांची तशीच आहे, परीक्षक विचारत बसतील.

तिने मला रात्री मेसेज केला, काय करू? मी बराच वेळ टाईप करत होतो. २८ मार्कांचं लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, तुझे आकडे आहेत, तू ठरव.

तिने रेषा तशीच ठेवली. वही सहीला गेली आहे, अजून परत आलेली नाही.